पर्यावरणाचे दप्तर संगणकावर का चढत नाही?



या व्यासपीठावरून विद्वान माणसे बोलून गेली आहेत. आमचे शिक्षण त्या मानाने थोडे. जे काही शिकलो ते भट्टीवरच्या पाळीत, कामगार न्यायालयाच्या ओसरीवर आणि रात्री घरी बसून सरकारी राजपत्रे वाचता वाचता शिकलो. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला आणि मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन' हे शब्दच असे की ऐकणाऱ्याला जांभई यावी. त्यात 'त्याचे संगणकीकरण' म्हटले की उरलेला माणूसही उठून जायचा. तरी आम्ही हट्ट धरला. कारण हा विषय आपल्या छातीत जाणाऱ्या हवेचा आहे, आणि त्या हवेचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो व ती वही आपल्याला पाहता येते की नाही, याचा आहे.

प्रथम ही वही म्हणजे काय ते पाहू. एखादा मोठा कारखाना, खाण किंवा धरण उभे करण्यापूर्वी त्याचा हवेवर, पाण्यावर, जमिनीवर आणि माणसांवर काय परिणाम होईल हे आधी तपासून लिहून काढावे, आणि ते वाचून मगच परवानगी द्यावी की नाही हे ठरवावे, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेने १९६९ चा कायदा करून ती १९७० पासून सुरू केली. आपल्याकडे डोळे उघडले ते भोपाळने. १९८४ च्या डिसेंबरात तेथे विषारी वायूने हजारो माणसे मेली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी मूल्यमापनाची पहिली अधिसूचना निघाली. १९९७ मध्ये तिच्यात जनसुनावणी आली. आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी आज चालू असलेली अधिसूचना आली. पुढे तिला इतकी ठिगळे लागली आहेत की मूळ कापड कोणते हे वकिलालाही शोधावे लागते.

आता हे आपल्या एमआयडीसीला कोठे लागते? 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी झाली. आजचे जालना हे सळईचे गाव आहे. भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या भट्टीत वितळवायचे, त्याचे बिलेट पाडायचे, आणि बिलेट रोलिंग मिलमधून ओढून सळई काढायची, हा येथला धंदा. आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये हीच सळई आहे. या अधिसूचनेच्या यादीत धातुउद्योग आहे. नुसती विजेची भट्टी चालवणाऱ्या कारखान्याची क्षमता वर्षाला ३०,००० टनांहून अधिक असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते. २० जुलै २०२२ च्या अधिसूचनेने चालू असलेल्या स्वतंत्र री-रोलिंग मिलनाही मंजुरीसाठी अर्ज करण्यास सांगितले. म्हणजे हा कायदा दूरच्या जंगलाचा किंवा वाघाचा नाही. तो आपल्या रेल्वे फाटकापलीकडचा आहे.

आणि येथे एक मेख आहे, ती जालनेकरांनी नीट ध्यानात घ्यावी. जनसुनावणीचा नियम चांगला आहे. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत ठेवायची, सारांश स्थानिक भाषेत द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या वरिष्ठ प्रतिनिधीने अध्यक्षस्थानी बसायचे, आणि सगळ्या कामकाजाचे चित्रण करायचे. पण त्याच २००६ च्या अधिसूचनेत मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांना या जनसुनावणीतून सूट देणारे कलम आहे. कोणत्या वसाहतीला ही सूट लागू आणि कोणत्या नाही, यावर पुढे खुलासे निघाले, वाद न्यायाधिकरणांपर्यंत गेले. परंतु तत्त्व उरले ते असे, की वसाहतीतला कारखाना वाढवायचा तर गावाला विचारण्याची गरज नाही असे म्हणता येते. जेथे सुनावणी नाही, तेथे मंडप नाही, ध्वनिक्षेपक नाही, उभे राहून प्रश्न विचारणारी म्हातारी नाही. तेथे गावाला एकच खिडकी उरते, ती म्हणजे संगणकावर चढवलेले दप्तर. ती खिडकी बंद असेल, काच धुरकट असेल, तर गाव आंधळे झाले.

ही खिडकी सरकारने बांधली आहे, हे आधी मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. १० ऑगस्ट २०१८ रोजी केंद्र सरकारने 'परिवेश' नावाची व्यवस्था सुरू केली. अर्ज संगणकावरून करायचा, कागद त्यावरच चढवायचे, कारखान्याची जागा नकाशावर आखून द्यायची, आणि मंजुरीपत्रही त्यावरच पडायचे. त्याआधी असा एक कागद पाहायचा तर मुंबईला मंत्रालयात खेटे घालावे लागत. ते काम आता जालन्याच्या एखाद्या संगणक केंद्रात बसून होऊ शकते. टीका करणाऱ्याने ही सोय नाकारू नये. परंतु खिडकी बांधली म्हणजे उजेड आला असे नाही. मध्ये जे अडथळे आहेत ते एकेक करून पाहू.

पहिला अडथळा असा, की कागदाचे छायाचित्र काढणे म्हणजेच संगणकीकरण, अशी आमच्या कचेऱ्यांची समजूत आहे. चारपाचशे पानांचा अहवाल यंत्राखाली घालायचा, वाकडीतिकडी पाने तशीच चढवायची, आणि फाइल झाली असे म्हणायचे. अशा फाइलीत शब्द शोधता येत नाही, तक्त्यातला आकडा उचलता येत नाही, दोन अहवाल शेजारी ठेवून बेरीज करता येत नाही. कपाटातले दप्तर काचेच्या कपाटात ठेवले, एवढाच फरक.

बेरीज का हवी, तेही सांगतो. हवेतील सूक्ष्म धुळीचे एक राष्ट्रीय मान २००९ मध्ये ठरले आहे. दहा मायक्रॉनच्या आतील धूळ चोवीस तासांच्या सरासरीने एका घनमीटरात १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. आता समजा, एका वसाहतीत हवेत आधीच ८० आहे. एक कारखाना म्हणतो, माझ्यामुळे ३ वाढतील, ८३ होतील, म्हणजे मर्यादेत. दुसराही तेच म्हणतो. असे दहा जण आपापल्या अहवालात ८३ लिहितात आणि दहाही अहवाल खरे असतात. पण हवा दहांची एकच आहे. तिच्यात ३० वाढले तर ११० होतात. प्रत्येक चिमणीचा धूर त्याच जागी पडत नाही, वारा फिरतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच तो हिशेब अंदाजाने नव्हे, आकडे एकत्र मांडून केला पाहिजे. आकडे छायाचित्रात कैद असतील तर ही बेरीज कोण करणार? संगणकाचा खरा उपयोग येथे होता, आणि येथेच तो होत नाही.

दुसरा अडथळा भाषेचा. अहवाल इंग्रजीत असतो. मराठीत सारांश मिळतो तो सुनावणी असेल तेथे. म्हणजे वसाहतीत सुनावणीला सूट मिळाली की मराठी सारांशाचीही वाट बंद झाली. आणि भट्टीवर काम करणारे आमचे कितीतरी भाऊ बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले, त्यांची भाषा हिंदी. २०२० मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तो इंग्रजी व हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले, की तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत भाषांतरित करा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. केंद्राने ते मानले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या महाराष्ट्रात १९६४ पासून राजभाषा अधिनियम आहे, तेथे मराठी माणसाच्या हवेवरचा कायदा त्याला मराठीत वाचायला मिळावा यासाठी दिल्लीत कोणीतरी दावा लावावा लागतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यातच लिपीचा एक लहानसा पण चिवट घोळ आहे. आपल्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे मराठी मजकूर ज्या जुन्या टंकांत टाइप झाला, ते टंक युनिकोडचे नव्हते. त्या संगणकावर मजकूर मराठी दिसे. दुसऱ्या संगणकावर तोच मजकूर उघडला की नुसती चिन्हांची रांगोळी. अशी मराठी शोधता येत नाही, तिचे भाषांतर यंत्राने करता येत नाही. ज्याला भाषेचे संगणकीकरण म्हणतात ते आधी येथून सुरू झाले पाहिजे.

तिसरा अडथळा असा, की एका कारखान्याची कुंडली पाच कचेऱ्यांत पाच नावांनी असते. एमआयडीसीकडे तो भूखंड क्रमांकाने ओळखला जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संमतीपत्राच्या क्रमांकाने. पर्यावरण मंजुरीकडे प्रस्तावाच्या क्रमांकाने. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे परवान्याच्या क्रमांकाने. आणि कामगार खात्याकडे आणखी कोणत्या. मालक बदलला, कंपनीचे नाव बदलले, की एका ठिकाणी नवे नाव आणि चार ठिकाणी जुने. आमच्या संघटनेत आम्ही एकदा एकाच कारखान्याचे सगळे कागद जुळवून पाहिले. एका कागदावरची क्षमता दुसऱ्या कागदावर निराळी, आणि कामगारांची संख्या तर तिसऱ्याच कागदावर निराळी. कोणी खोटे बोलले असेच नव्हे. पण पाचही कचेऱ्या एकमेकींशी बोलत नसतील तर कोणाचे कोणाला कळणार कसे? आधार क्रमांकाने माणसाला एक ओळख देणाऱ्या राज्यव्यवस्थेला कारखान्याला एक क्रमांक देणे अवघड आहे, असे आम्ही मानत नाही.

चौथा अडथळा माणसांचा. संगणक विकत मिळतो. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणारा अधिकारी विकत मिळत नाही, तो नेमावा लागतो. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये पर्यावरण मंजुरी आणि त्यानंतरची देखरेख यांवर एक स्वतंत्र अहवाल दिला. केंद्राच्या प्रादेशिक कचेऱ्यांत शास्त्रज्ञांची पदे रिकामी आहेत, आणि त्या कचेऱ्यांनी कळवलेल्या नियमभंगांच्या प्रकरणांची एकत्र नोंदही मंत्रालयाकडे नाही, असे त्या अहवालात नमूद झाले. मंजुरी देताना अटी घालायच्या आणि त्या पाळल्या की नाही हे पाहायला माणूस ठेवायचा नाही, याला आमच्या भाषेत मुकादमाविना पाळी म्हणतात. अशा पाळीत काय होते ते कोणत्याही कामगाराला विचारा.

पाचवा अडथळा आत घातलेल्या मालाचा. भट्टीत जसे भंगार घालाल तशी सळई निघेल. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या मूल्यमापन अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातला मजकूर उचलून घातल्याचे काही वर्षांपूर्वी उघडकीस आले. संगणकाने नक्कल करणे सोपे केले, हे त्यातले खरे. गोव्यात मोपा विमानतळाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित ठेवली, कारण अर्जाच्या नमुन्यात आसपासच्या पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्रांची माहिती नीट दिलेली नव्हती. पुढे १६ जानेवारी २०२० रोजी जादा अटी घालून न्यायालयाने स्थगिती उठवली. पण धडा राहिला. अर्जातला रकाना हा नुसता रकाना नाही; तो कोरा किंवा खोटा असला तर पुढची सगळी इमारत वाळूवर. आणि तो खोटा आहे हे कोणाच्या ध्यानात येईल? संगणकाच्या नाही. त्या डोंगराखाली राहणाऱ्याच्या, त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्याच्या. म्हणून त्याला ते वाचता आले पाहिजे.

सहावा अडथळा मनाचा, आणि तो सर्वांत मोठा. संगणक कशासाठी आणला, असा प्रश्न आहे. १७ जानेवारी २०२२ रोजी केंद्रीय मंत्रालयाने राज्यांच्या प्राधिकरणांना गुण देण्याची एक पद्धत जाहीर केली. मंजुरी किती कमी दिवसांत दिली, शंका किती कमी वेळा विचारल्या, यावर गुण! टीका झाली तेव्हा खुलासे झाले. पण परीक्षकाला गुण जर पेपर लवकर तपासण्याचे मिळणार असतील, तर तो पेपर कसा तपासेल हे शाळेतले पोरही सांगेल. त्याच वर्षी 'परिवेश'ची नवी आवृत्ती आली, आणि पूर्वी सहज दिसणारे काही कागद आता दिसत नाहीत अशी तक्रार अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतून केली. अर्जदारासाठी दार रुंद आणि गावासाठी अरुंद, असे संगणकीकरण आम्हाला नको आहे.

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे, हे विसरू नका. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते, की सार्वजनिक कचेरीने आपले दप्तर सूचीबद्ध करावे आणि साधनांच्या मर्यादेत ते संगणकावर आणून देशभर जोडावे, म्हणजे लोकांना ते पाहता येईल. अर्ज न करता! आणि २००६ च्या अधिसूचनेतच लिहिले आहे, की मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल कारखान्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा, तो सार्वजनिक कागद समजावा, आणि ताजा अहवाल संबंधित प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर लावावा. आणखी एक गोष्ट. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायचे तर मुदत तीस दिवसांची. पुरेसे कारण दाखवले तर आणखी साठ. त्यापुढे दार बंद. म्हणजे कागद संकेतस्थळावर केव्हा चढला, कोणाला केव्हा कळला, या तारखेवर माणसाचा न्याय अवलंबून आहे. उशिरा चढलेला कागद हा आळस नाही. तो कोणाचा तरी हिरावलेला हक्क आहे.

यावर दोन आक्षेप येतात. कारखानदार म्हणतात, तुम्ही कागद मागत बसलात तर धंदा परगावी जाईल आणि तुमचेच कामगार बेकार होतील. आम्ही म्हणतो, भट्टी बंद पडावी असे आम्हाला कधीही वाटणार नाही. आमची चूल तिच्यावर आहे. पण चिमणीच्या धुराचा पहिला वाटा आमच्या फुप्फुसाचा, मग शहराचा. ऑगस्ट २०२४ मध्ये याच वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात भट्टीत स्फोट होऊन अनेक कामगार भाजले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. धोक्याचा कागद आधी वाचला जातो की नंतर, एवढाच प्रश्न आहे. जो कारखानदार नेकीने धूळ पकडणारी यंत्रणा चालवतो, त्याला उघड्या दप्तराचे भय नाही. उलट, शेजारी जो रात्री यंत्रणा बंद ठेवून वीज वाचवतो, त्याच्याशी त्याची स्पर्धा बरोबरीची होते. आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये चिमणीच्या मोजमापावरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करण्याची योजना सुरू केली होती. उघड केल्याने आकाश कोसळले नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच लोकांकडून येतो. 'कामगार चळवळीने संगणकाला विरोध केला होता, आणि तुम्ही संगणक मागता?' होय. साठाच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक इमारतीत येऊ नये म्हणून पहारे दिले. त्यांना नोकऱ्यांची भीती होती आणि ती भीती पोटाची होती. आजचा प्रश्न निराळा आहे. यंत्र आले आहे. ते कोणाचे काम करणार हे ठरायचे आहे. आमची मागणी आहे की ते आमचेही काम करो. आणि हे काम अवघड आहे हेही आम्ही जाणतो. ज्या अमेरिकेने ही पद्धत काढली, तेथे असे अहवाल संगणकावर दाखल करणे २०१२ मध्ये सुरू झाले, आणि २०२५ च्या एप्रिलात पुन्हा राष्ट्राध्यक्षांना आदेश काढावा लागला की परवान्यांची कागदी कामे आधुनिक करा. तेव्हा एका रात्रीत होईल असे कोणी सांगू नये, आणि होणारच नाही असेही सांगू नये.

मग आपण काय करावे? आमच्या मागण्या पाच आहेत. एक, सुनावणी असो वा नसो, प्रत्येक मंजुरीच्या अर्जाचा सारांश मराठीत आणि हिंदीत, युनिकोडमध्ये, संकेतस्थळावर आणि कारखान्याच्या फाटकावर लागला पाहिजे. दोन, हवा-पाण्याचे आकडे छायाचित्रात नव्हे, तक्त्याच्या रूपात द्यावेत. तीन, प्रत्येक कारखान्याला सर्व खात्यांत एकच क्रमांक असावा. चार, वसाहतीच्या एकूण हवेचा आणि पाण्याचा हिशेब दर वर्षी एकत्र मांडून जाहीर करावा. पाच, रिकामी पदे भरावीत.

आणि मागण्यांच्या आधी एक काम आपले स्वतःचे आहे. येत्या १ जूनच्या पाठोपाठ आमच्या संघटनेची चार मुले रविवारी सकाळी बसणार आहेत. एकेका कारखान्याचा सहामाही अहवाल संकेतस्थळावर आहे की नाही ते पाहायचे, असला तर वाचायचा, नसला तर प्राधिकरणाकडे लेखी मागायचा आणि पोच घ्यायची. त्या मुलांना इंग्रजी वाचून दाखवणारे शिक्षक हवेत, आकडे समजावणारे विज्ञानाचे पदवीधर हवेत, अर्ज लिहिणारे वकील हवेत. श्रोत्यांत तिघेही बसलेले आम्हाला दिसतात. कारखानदारांपैकी कोणी आपला अहवाल घेऊन आले तर त्यांनाही चहा मिळेल.

सभा संपल्यावर दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी नाव, आणि आपल्याला काय येते ते, लिहून जावे.